कियारा म्हणजे काय

२००३ साली आम्ही सिंगापूरला जायला मिरज सोडलं तेव्हा रिक्षा दारात उभी होती, सामान चढवून झालं होतं. आई माधवीजवळ, माझ्या बायकोजवळ, गेली. तिला तिसरा महिना होता. "मुलगी झाली तर नाव ठेवण्याआधी मला विचार हं, पोरी." मी घाईत होतो. "विचारू गं, विचारू," म्हणालो.

विचारलं नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात एक इटालियन सहकारी होती, तिच्या मुलीचं नाव कियारा. मला ते फार आवडलं. सिंगापुरात कुणाची जीभ अडखळणार नाही, आणि ऐकायला आपल्यातलंच वाटतं. इंटरनेटवर मूळ शोधलं: लॅटिनमधून इटालियनमध्ये आलेलं, अर्थ लख्ख, तेजस्वी. स्पेलिंगही इटालियनच ठेवलं, सी-एचने सुरू होणारं.

मुलीचे फोटो पोस्टाने मिरजेला गेले. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मामाने मागचं इंग्रजी नाव वाचलं आणि फोनवर ओरडला, "अरे, चारा काय? पोरगी आहे का म्हैस?" सगळे हसलो. आईही हसली. मग म्हणाली, "पण अर्थ काय रे त्याचा?"

"इटालियन आहे, आई. फोनवर नाही सांगता यायचं."

पुढेही तिने विचारलं. मी कधी मीटिंगला निघालेलो, कधी एमआरटी मेट्रोत. एकदा तर म्हणालो, "तुला काय करायचंय अर्थाशी?" नंतर तिने विचारलं नाही. नातीला ती बाळच म्हणत राहिली. पाच वर्षांची कियारा फोन माझ्या हातात देत सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "पपा, आजी डोन्ट नो माय नेम, लाह."

आई गेली तेव्हा मी पोचलो, पण उशिरा. तेराव्याला पंगत उठल्यावर मामा शेजारी येऊन बसला. "तुझ्या पोरीच्या नावाचा अर्थ तरी काय रे?"

मी सांगितला.

"म्हणजे उज्ज्वलाच की. आक्काचं नाव."

"पण आईचं नाव तर सुमन," मी म्हणालो. मामा म्हणाला, "सुमन तुमच्या घरचं रे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. आमच्याकडे ती उज्ज्वला होती. तुला ठाऊक नाही?"

नव्हतं. मामा तिला जन्मभर आक्काच म्हणत आला. एका परक्या नावाचं मूळ मी लॅटिनपर्यंत खणत गेलो आणि आईला तिचं नाव कधी विचारलं नाही. नातीसाठी तिच्या मनात काय होतं, तेही आता कुणाला माहीत नाही. "विचारायचंस की तिला," एवढंच मामा म्हणाला.

तुम्ही तिकडचे, मिरजेचे लोक मला परत ये म्हणता. कुठे येऊ? घर सोडून दूर आलेला मीच पहिला, असं मला वाटायचं. आई माझ्याआधी आली होती, नावसुद्धा मागे टाकून. मिरजेच्या त्या घरात ती चाळीस वर्षं दुसऱ्याच नावाला ओ देत राहिली आणि मी तिच्या हातचं जेवत राहिलो. सिंगापुरातला क्लेमेंटीचा फ्लॅट माझ्या मुलीचं घर आहे. मिरजेचं ते माझं होतं, असं म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही.