लिंडाच्या दारातली जास्वंद

सुलभा टिपणीस वर्षातले सहा महिने पुण्यात सहकारनगरला राहतात आणि उरलेले सहा महिने टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, मुलाकडे 'ठेवलेल्या' असतात. हा शब्द त्यांचाच.

केदारची वस्ती म्हणजे एकाच रंगाच्या विटांची पाचशे दहा घरं. प्रत्येकापुढे दोन झाडं, तीही कमिटीने ठरवलेल्या जातीची. फुटपाथ ऐसपैस आहेत, पण त्यांवरून कुत्रे चालतात आणि कुत्र्यांना बांधलेली माणसं. दूध आणायचं तर गाडी, देवळात जायचं तर गाडी, चालायला जिममध्ये जायचं तरी गाडी. सुलभाबाईंना गाडी येत नाही. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं साहेबांनाही धाकात ठेवलेली ही बाई इथे कुणी नेईल तेव्हा जाते आणि आणेल तेव्हा येते. सुटका फक्त सकाळी साडेसहा ते साडेसात. साडीवर केदारचं जुनं जॅकेट, पायात सूनबाईंचे जुने बूट, एका हातात छत्री, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी. तो एक तास त्यांच्या मालकीचा.

पिशवी पूजेच्या फुलांसाठी. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाने दुसऱ्याच्या बागेतली फुलं देवासाठी तोडणं ही पुण्यात चोरी नसते, फार तर भांडणाचं निमित्त असतं. सुलभाबाईंचे नियम कडक. कळ्या घ्यायच्या नाहीत, छत्रीच्या मुठीने फांदी अलगद वाकवायची, एका झाडाची दोनच फुलं. चारशे सात नंबरच्या लिंडाबाईंच्या पोर्चवर मात्र कुंडीत लालभडक जास्वंद होती आणि घरचा गणपती जास्वंदीवाचून रुसलेला. तिथे दोनाची पाच झाली.

आणि केदार होता वस्तीच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष. एचओए म्हणजे आपली सोसायटीचीच कमिटी, फक्त तिची पत्रं वकिलाच्या सहीने येतात. तिथवर पोचायला केदारला आठ वर्षं लागली होती. त्याने ते पुण्यात सगळ्यांना फोन करून सांगितलंही होतं.

मंगळवारी सकाळी तो फोनमध्ये डोकं घालून किचनमध्ये आला.

"रेणू, हे बघ. चारशे सातच्या पोर्चवर रोज कुणीतरी येतंय. डोअरबेलच्या कॅमेऱ्यात नऊ दिवसांचे व्हिडिओ आहेत. वस्तीच्या ॲपवर लोक पॅनिक झालेत."

"पॅकेज चोरलं?"

"फुलं."

"फुलं?"

"आज फुलं, उद्या पॅकेज. मी ऑलरेडी लिहिलंय, झिरो टॉलरन्स."

अकरा वर्षांच्या अनिकाने सिरियलच्या वाडग्यावरून मान लांब केली. "डॅड, दॅट्स आजी."

"काहीतरी बोलू नको. चेहरा कुठे दिसतोय?"

"दॅट्स युअर जॅकेट. युअर कंपनी'ज नेम इज ऑन द बॅक."

गॅसपाशी उपमा ढवळत असलेल्या सुलभाबाईंनी हात पुसले. "दाखव बघू. अगं बाई, किती जाड दिसते मी यात."

"आई, हे ट्रेसपासिंग आहे. इथे लोक घरात बंदूक ठेवतात."

"जास्वंदीसाठी?"

"उद्यापासून एकटीने बाहेर पडायचं नाही. फुलं मी आणून देईन. आणि चालायला वर ट्रेडमिल आहे."

फुलं त्याने संध्याकाळीच आणली, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली. सुलभाबाईंनी एक दांडा उचलून पाहिला. "वास नाही, आणि हे दांडे केवढाले. गणपतीला वाहू की मारू?"

चार दिवस त्या गॅरेजच्या दारापासून पँट्रीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. ट्रेडमिलवर एकदा चढल्या आणि "हे चालतंय, मी नाही," म्हणून उतरल्या. इकडे ॲपवर अध्यक्षांना रोज विचारणा होत होती. केदार उत्तर टाकायचा, तपास सुरू आहे, काही धागे हाती लागलेत.

"धागा आत्ता पोळ्या लाटतोय," रेणू म्हणायची. केदार फोन उलटा ठेवायचा.

शनिवारी क्लबहाऊसमध्ये सभा होती. सुलभाबाई सर्वांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

"आई, तू कशाला?"

"एकटीने बाहेर पडायचं नाही ना? पडते तुझ्याबरोबर."

सभेत विषय निघाला, भिंतीवर व्हिडिओ लागला. कुणी डोळ्यांत मारायचा पेपर स्प्रे सुचवला, कुणी पोलीस. केदार घसा खाकरत होता, तोवर सुलभाबाई उठल्या. खात्यातलं इंग्रजी खणखणीत होतं.

"ती बाई मी आहे. रोज पाच फुलं घेते, देवाला. पुण्यात माझी शेजारीण, फाटकबाई, खिडकी उघडून माझ्यावर ओरडते. मग अर्धा तास आम्ही भांडतो, मग चहा पितो. तुम्ही नऊ दिवस माझा सिनेमा बघितलात आणि एकाने दार उघडलं नाही."

मग लिंडाबाईंनी छातीवर हात ठेवला. "ओ माय गॉड, दॅट इज सो ब्यूटिफुल."

झालं. पेपर स्प्रेवाल्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. एकीने विचारलं, देवाला ट्यूलिप चालतात का. आणि केदार, पाच दिवस तोंड लपवत फिरणारा केदार, उठून ओल्या आवाजात म्हणाला, "दॅट्स माय मॉम." आपली समिती सर्व संस्कृतींच्या पाठीशी पहिल्यापासून उभी आहे, हेही त्याने सांगितलं. ठराव एकमताने पास झाला. श्रीमती टिपणीस यांना सकाळी एकटीने हिंडून फुलं घेण्याची परवानगी, गळ्यात ओळखपत्र घालण्याच्या अटीवर. सगळ्यांनी अभिनंदन केलं ते केदारचं.

सोमवारी साडेसहाला सुलभाबाई गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड घालून चारशे सातसमोर उभ्या राहिल्या. फांदीला मूठ लावताच भिंत बोलली. "गुड मॉर्निंग, सुलाबा. टेक ॲज मेनी ॲज यू लाइक."

दार बंदच होतं. बेलचा गोल डोळा निळा झाला होता.

"लिंडा, बाहेर ये ना. दोन मिनिटं बोलू."

"ओ हनी, मी कोलोरॅडोला आहे, बहिणीकडे. एन्जॉय."

डोळा विझला. सुलभाबाईंनी पाच फुलं पिशवीत टाकली. मग रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना बंद दारं आणि प्रत्येक दाराशेजारी एकेक गोल डोळा. त्या पुढच्या घरी गेल्या. तिथे फुलाचं एक झाड नव्हतं. त्यांनी बेल दाबली.

सात वाजता केदारचा फोन थरथरायला लागला. चारशे नऊ, चारशे अकरा, चारशे तेरा. कुणीतरी बेल वाजवतंय, समिती काय करतेय?

चारशे पंधराचं दार धाडकन उघडलं. आतून चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातला, दाढी अर्धीच झालेला एक माणूस बाहेर आला. ही काय वेळ आहे का बेल वाजवायची, तुम्हाला काही अक्कल आहे की नाही, असं इंग्रजीत पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायला लागला.

सुलभाबाईंनी छत्री काखेत मारली, पिशवी पायरीवर ठेवली आणि पदर खोचला.