मास्तरांची अलंकारांची वही

आमच्या मास्तरांचे किस्से एकेकटे येतच नाहीत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याचं धोतर धरून मागे उभा! लग्नात, मयतीत, कुठेही आम्ही जुने विद्यार्थी भेटलो की हेच सुरू होतं. सगळे हसतात. मग कुणीतरी शेवटच्या किश्श्यापाशी येतं आणि जो तो आपापल्या घरी जायला उठतो.

तेव्हा निझामाचा अंमल होता. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात सकाळची शाळा उर्दूतली. दुपारनंतर किशनराव मास्तर हळदीच्या रिकाम्या कोठारात आम्हाला मराठी शिकवायचे. अलंकार शिकवताना त्यांचा एकच नियम होता. उदाहरण पुस्तकातलं चालणार नाही, आपल्या घरचं आणा! ते वहीत लिहायचे आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव लावायचे. म्हणायचे, "नाव लागलं की माणूस लबाडी करत न्हाई."

* * *

पहिल्या दिवशी उपमा. मी ऐटीत सांगितलं, "मुख चंद्रासारखं."

"कुणाचं?"

"मायचं."

"चल, दाखव!"

अख्खा वर्ग आमच्या घरी. माय अंगणात कढईत हळद शिजवून राहिली होती. धुरानं डोळे लाल, हात कोपरापर्यंत पिवळे. मास्तरांनी झाला प्रकार सांगितला. मायनं पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "मास्तर, चंद्राला घाम येतो का वो?"

वहीत मायचंच वाक्य गेलं. नावही तिचंच!

* * *

नामदेव साखरा गावचा, आमच्या गावी मामाकडे राहायचा. अतिशयोक्तीला तो उठला. "आमच्या विहिरीत पोहरा सोडायचा, घरी जाऊन जेवून यायचं, तरी तो तळाला लागलेला नसतो."

आम्ही खो खो हसलो. मास्तर म्हणाले, "शाब्बास! आता खरं काय ते सांग."

"खरं म्हंजे विहिरीत पाणीच न्हाई मास्तर. म्हणून तर मला मामाकडं धाडलं."

त्या दिवशी मास्तरांनी वर्ग लवकर सोडला.

* * *

रूपकाला गंमत झाली. "'सारखा' काढून टाका," मास्तर म्हणाले, "आणि हे म्हणजे तेच, असं ठोकून सांगा."

मी ठोकून दिलं, "पटवारी म्हणजे गोचीड!"

पटवाऱ्याचा पुतण्या बळवंत माझ्या शेजारीच बसलेला! तो हळूच उठला. "मास्तर, या वाक्याला माझं नाव लावा. त्यांचा मार रोज मी खातो."

मास्तरांनी दोघांचीही नावं लावली. मग पोरांना चेव आला. ठाणं, जमादार, करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, कुणी सुटलं नाही. वही भरत गेली आणि ती किती धोक्याची झालीय हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

* * *

करीम पिंजाऱ्याचा. मराठी आणि उर्दू दोन्हीत आमच्यात पहिला. त्याच्याइतका जवळचा दोस्त मला पुन्हा झाला नाही.

मास्तर म्हणाले, "स्वभावोक्ती म्हणजे जसं आहे तसं सांगायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई. सगळ्यांत अवघड अलंकार हाच."

करीम उठला. "अब्बा कापूस पिंजून घरी येतात. भुवयांवर कापूस असतो. अम्मी फुंकर मारते."

मास्तरांनी टाक शाईत बुडवला. मग त्यांनी सावकाश लिहून घेतलं.

* * *

अंमलाच्या शेवटच्या वर्षी चुगली झाली. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, चावडीत येऊन बसला. समोर मास्तर, त्याच्या मांडीवर वही. वहीत नावं आमची. मास्तर तुरुंगात जाणार आणि आमच्या बापांना ठाण्यात ओढणार, हे दारात उभ्या असलेल्या आम्हाला कळत होतं.

अमीनाला मराठी वाचता येईना. त्यानं करीमला आत बोलावून शेजारी बसवलं. "पढ, क्या लिखा है?"

करीमनं माझ्या वाक्यावर बोट ठेवलं. "पटवारी साब नीम का साया हैं, साब."

पानामागून पान! जमादार शेर झाला, नाका धर्मशाळा झाला. तासभर तो वाचत होता, आवाज एकदाही कापला नाही. अमीनानं वही मास्तरांच्या अंगावर फेकली. "मास्टर, बच्चों को खुशामद अच्छी सिखाते हो!"

बाहेर आल्यावर करीम म्हणाला, "मास्तर, ह्यो कोणता अलंकार?"

मास्तरांचे डोळे भरले होते. "ह्याला नाव न्हाई, बाळा. आणि हे वहीत लिहिता येत न्हाई."

कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. गावानं मात्र लांबून एवढंच पाहिलं की पिंजाऱ्याचं पोरगं अमीनाला वाचून दाखवतंय.

* * *

मग निझामाचा अंमल सरला. गावात आनंद झाला, आणि तिसऱ्या दिवशी बाहेरगावची माणसं आली. हातात कुऱ्हाडी. मास्तर त्या दिवशी जवळा बाजार गावी गेले होते. मी पारावर बसलेलो.

एकानं विचारलं, "का रं, मास्तरची वही अमीनाला कोणी वाचून दाखविली?"

आता भ्यायचं कुणाला? दोस्ताची बहादुरी सांगायची म्हणून माझी छाती फुगली. "करीमनं!" मी म्हणालो.

पुढचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ते पिंजाऱ्याच्या घराकडे वळले होते. मी मागे धावलो. "ऐका तरी! त्यानं बदलून वाचली!" कुणी वळून पाहिलं नाही.

करीम गेला. त्याचे अब्बाही गेले. अम्मी माहेरी होती म्हणून राहिली.

महिन्याभरानं मास्तरांनी वर्ग उघडला. करीमची जागा तशीच सोडून आम्ही बसलो. मास्तरांनी वही काढली, पानं उलटली आणि मला उभं केलं.

"स्वभावोक्ती. उदाहरण सांग."

मास्तर टाक हातात धरून थांबले.

"पारावर मी सांगितलं, अमीनाला वही करीमनं वाचून दाखवली," मी म्हणालो.

मास्तरांनी ते वाक्य करीमच्या वाक्याखाली लिहिलं आणि पुढे माझं नाव लावलं.