ऐनाच्या तीन झाडांचा दावा

सरकारने तंटामुक्तीची मोहीम काढली, तेव्हा मुरबाडकडच्या आमच्या गावात ग्रामसभेला पहिल्यांदाच बसायला जागा पुरली नाही. गावातली भांडणं गावातच मिटवायची, पोलीस चौकी नको, कोर्ट नको, आणि सगळी मिटली तर गावाला बक्षीस. समितीत बायकाही हव्यात, असं वरूनच आलेलं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. कारण काय, तर मी मोठ्याने बोलते. लाजायचं सोडून मी चटकन उभी राहिले. त्या दिवशी घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

पहिले काही महिने नुसती धमाल. कुणाची कोंबडी कुणाच्या वाफ्यात शिरली, कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या अंगणात आलं, टोकावड्याच्या ढाब्यावर कोण कुणाला काय बोललं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायची, दोघांना समोरासमोर बसवायचं आणि मध्ये चहा ठेवायचा. वरच्या पट्टीत सुरू झालेली माणसं कप अर्धा होईपर्यंत खाली यायची. पोलीस पाटील गंभीर चेहऱ्याने लिहून घ्यायचे आणि मी मध्ये मध्ये तोंड घालायचे. शेजारचं गाव आमच्यावर जळायला लागलं, तेव्हा तर मला दुप्पट हुरूप आला.

मग एकच तंटा उरला. बैठकीत अध्यक्षांनी त्याचा विषय काढला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दावा आमच्याच घरचा होता.

भाताच्या रोपांसाठी आमच्याकडे राब भाजतात. झाडांच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, जमिनीवर पसरून पेटवायच्या आणि त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचं. वरच्या वरकस जमिनीच्या, म्हणजे डोंगरउताराच्या माळाच्या, हद्दीवर ऐनाची तीन झाडं होती. त्यांच्या फांद्या कुणी छाटायच्या, आम्ही की ह्यांच्या चुलतभावाने, यावरून मुरबाडच्या कोर्टात कितीतरी वर्षं दावा पडला होता. निकाल लागेपर्यंत कुणीच झाडांना हात लावायचा नाही, असा हुकूम. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे तर दोन दोन शहाणे. तारखेला दोघं एकाच एसटीने जायचे, एक ड्रायव्हरच्या मागे, दुसरा शेवटच्या बाकावर. एकदा मीही गेले होते. पट्टेवाल्याने दोघांची नावं पुकारली आणि मध्ये ठणठणीत आवाजात 'विरुद्ध' म्हणाला. एकाच आजोबांचे हे नातू.

खरं सांगायचं तर मला झाडांचं काही नव्हतं. मला माझी जाऊ हवी होती. त्या चुलतदिरांची बायको गावची धवलारीण. आमच्याकडे हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला धवळे गातात, आणि गावातल्या प्रत्येक लग्नात ते तिनेच गायलेले. माझी लेक लहानपणी तिच्या मांडीवर बसून ते ऐकायची. दावा लागला आणि जावेचं आमच्याकडे येणं बंद झालं. दिरांनी तिला शपथच घातली होती, केस आहे तोवर त्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. आता लेकीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. टोकावड्याची धवलारीण बोलावू म्हटलं, तर पोरगी म्हणाली, "काकी नसंल तर मला हळदच नको." हट्टीपणा कुणाचा घेतला ते विचारू नका.

पौषात, म्हशाच्या जत्रेआधी एका सकाळी समिती वरकस चढून झाडं बघायला गेली. त्या दिवसापुरतं मला समितीतून उठवून पक्षकारांत घातलं होतं. आजूबाजूचे सगळे ऐन दरवर्षी छाटून छाटून खुंटांसारखे झालेले, आणि ही तीन झाडं मात्र कोर्टाच्या हुकमाखाली मजेत वाढून आभाळाला भिडलेली. दोघे भाऊ माना वर करून बघत राहिले. अध्यक्ष हद्दीचं काहीतरी बोलत होते, तिकडे दोघांचं लक्षच नव्हतं.

"कोयता पोचंल का रं दादा?" आमच्या घरचे म्हणाले. इतक्या वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द.

दिरांनी बुंध्यावर थाप मारून बघितली. मग म्हणाले, "एकट्याचं काम नाय ह्ये. शिडी लागंल. नि खाली धरायला मानूस."

अध्यक्ष हुशार. हद्द बिद्द सोडून त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की छाटणी दोघांनी मिळून करायची आणि राब निम्मा निम्मा. कुणी नाही म्हणालं नाही. मी टाळ्या वाजवल्या. पोलीस पाटलांनी डोळे वटारले, तरी वाजवल्या.

पण गावात मिटलं म्हणजे कोर्टातून सुटलं असं नसतं. ती तडजोड लोकअदालतीत ठेवायची, तिथे दोघांनी कबूल म्हणायचं, मग दावा कायमचा संपतो, पुढे अपील नाही. आणि त्या लोकअदालतीची तारीख आली ती नेमकी आमच्या हळदीच्या दिवशी. मी जावेच्या दारात सुपारी घेऊन गेले. आमंत्रणाची सुपारी धवलारणीने हातात घ्यावी लागते. तिने हात पुढे केला नाही. "शपथ हाय गो," एवढंच म्हणाली. मी सुपारी तिच्या उंबऱ्यावर ठेवून आले. सकाळी बघते तर तिथे नव्हती. आता ती जावेने उचलली की कोंबडीने पळवली, हे कुणाला विचारणार? 

हळदीच्या सकाळी दोघे भाऊ मुरबाडला निघाले, आणि यावेळी एकाच बाकावर बसले. मी एसटी वळणाआड जाईपर्यंत बघत होते. दुपारच्या गाडीने येतो म्हणाले होते. दुपारची गाडी आलीच नाही. ती टोकावड्याच्या अलीकडे बंद पडली होती आणि दावा केव्हाच निकाली निघाला होता, हे सगळं नंतर कळलं. त्यावेळी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. हळद वाटून झाली, मांडवात बायका जमल्या, लेक पाटावर बसली. कुणी एक धवळा धरायला गेली, तर पोरीने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. मी नुसती आत-बाहेर करत होते.

तेवढ्यात जाऊ आली. नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. अंगणाच्या कडेला क्षणभर थांबली आणि आत आली. पदराची गाठ सोडून तिने सुपारी माझ्यासमोर धरली. आणि मी अशी खुळी, की आनंद करायचा सोडून म्हणाले, "अजून कागद नाय आला. तुमची शपथ मोडंल."

"कागद त्यांचा," ती म्हणाली. "पोर माजी हाय."

ती लेकीजवळ बसली, घसा खाकरला आणि गायला लागली. लेकीने डोळे मिटून घेतले. धवळ्यात आधी देवांना बोलावतात, मग घरातल्या थोरांना, एकेकाचं नाव घेऊन. एरवी मेलं तरी नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणारी बाई धवळ्यात ते मोकळेपणी घेते, त्याला दोष नसतो. तिने तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं आणि त्याच श्वासात माझ्या नवऱ्याचं. ती दोन नावं लागोपाठ मी शेवटची ऐकली होती ती कोर्टाच्या दारात. आता मध्ये काहीच नव्हतं. हळदीने माखलेले हात तसेच तोंडावर धरून मी भर मांडवात रडले.