सुतक फक्त मला होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही, देवीपुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या वाडीतले नाही की भावकीतले नाही. आणि आधीच बजावते, मी रडणार नाही. रडायला बसले तर तुम्ही पाणी द्याल, पाठीवरून हात फिरवाल, आणि मूळ गोष्ट राहूनच जाईल.

आधी माझ्या लेकीबद्दल ऐका. ऐकावंच लागेल. माझी तेजू ढोल वाजवते. शाळेच्या गॅदरिंगमधला नव्हे हो — शिमग्याला देवीच्या पालखीपुढे वाजतो तो, खालूबाजाचा ढोल. सनई, टिमकी, झांज आणि ढोल. आमच्याकडे पालखी नुसती मिरवत नाहीत, खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि नाचवणाऱ्यांचे पाय ढोलावर पडतात. ढोल चुकला की पालखी डगमगते. हे काम बापाकडून मुलाकडे जायचं. आमच्या वाडीत ढोल भिकातात्यांकडे, पण त्यांचे मुलगे मुंबईला, सुट्टी मिळाली तर यायचे, नाहीतर नाही. तात्यांच्या पडवीत जाऊन बसायची ती माझी तेजू. तात्यांनी तिला आधी सुपावर बोटं चालवायला लावली, मग पत्र्याच्या डब्यावर. ढोलाला हात लावू दिला तो कितीतरी महिन्यांनी.

मी खाली पोलादपुरात, एस.टी. स्टँडजवळ ब्लाऊज शिवायच्या दुकानात कामाला. संध्याकाळच्या जीपने वर येताना शेवटच्या वळणावरच तिचा ढोल कानावर यायचा. जीपवाला हॉर्न वाजवायचा थांबायचा आणि म्हणायचा, वहिनी, तुमची पोर बघा. काय वाटायचं म्हणून सांगू? मला जन्मात कुणी कशात पुढे केलं नव्हतं. शाळेत गाणं म्हणायला उभी राहिले तर मास्तरांनी खाली बसवलं होतं. आणि माझी पोर — अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं काहीतरी करत होती. छाती फुगायची माझी. आजही फुगते. त्याची मला लाज नाही.

मग त्या वर्षी तात्यांचा खांदा धरला. हात वर जाईना. शिमगा तोंडावर आलेला, आणि ढोल कुणी धरायचा यावर गावकीची बैठक बसली. पोरगी पालखीपुढे वाजवणार म्हटल्यावर जे काय बोलले एकेक! कुणी म्हणे रीत नाही, कुणी म्हणे तिची पाळी आली तर, कुणाला दुसऱ्या गावचे हसतील याची काळजी. आमच्यातर्फे बोलायला उठले ते फक्त माझे सासरे — आबा. एरवी बैठकीत तोंड न उघडणारा माणूस.

"देवी बाईच हाय ना?" एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

शेवटी ठरलं, यंदा वाजवू दे. पण एक अट घातली — मधे काही वेडंवाकडं आलं, तर देवीला पसंत नाही असं समजायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कळलं ना तुम्हाला? पोरीला एकच संधी होती. पाऊस आला, पालखीचा दांडा मोडला, कुणाला ठेच लागली, तरी बोट तिच्याकडेच जाणार होतं.

आता सुतकाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भावकीत कुणी गेलं की सगळ्या घरांना सुतक. पालखीला हात लावायचा नाही, ढोलाला नाही, पालखी आपल्या दारात येत नाही. पण आमच्याकडे जुनी माणसं असंही मानतात, की सुतक कळल्यापासून धरायचं. कळलंच नाही, तर सुतकही नाही. लक्षात येतंय? मी कुठे चाललेय ते?

आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. वरच्या खडकावर उभं राहिलं तर एखादी काडी येते आणि जाते. त्यामुळे मुंबईचा निरोप असला की तो माझ्या फोनवर, मी पोलादपुरात असताना. वाडीचा फोन म्हणजे मीच. शिमग्याला मुंबईची माणसं गावी आली की त्यांचेही फोन नुसते फोटो काढायला.

पालखी घरोघर फिरायची होती त्या सकाळी मी ओटीचं सामान आणायला खाली गेले. खण घेतला, नारळ घेतले. स्टँडवर आले आणि फोन वाजला. प्रकाशभाऊजी — आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा, भांडुपला असतो. म्हणाला, वहिनी, पहाटे नाना गेले. हॉस्पिटलात गेले, ध्यानीमनी नसताना. तुम्ही आबांना घेऊन निघा, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो.

नाना म्हणजे प्रकाशभाऊजीचे वडील, आबांचा एकुलता एक भाऊ. आई लवकर गेली म्हणून आबांनीच त्याला खांद्यावर खेळवून मोठा केलेला. म्हातारपणीसुद्धा नाना गावी आले की आबा त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायचे.

मी हो म्हटलं. फोन ठेवला. आणि तिथल्या बाकड्यावर बसले.

वर जाऊन सांगितलं असतं तर? ढोल तात्यांच्या पडवीत परत गेला असता. बैठकीतले ते सगळे माना हलवत म्हणाले असते, बघा, देवीनं कौल दिला. आणि माझी पोर — तिने डोळ्यांतून पाणी काढलं नसतं, ती तशी नाही. गप्प सूप घेऊन धान्य पाखडायला बसली असती. मीही तशीच बसले होते ना एकदा, मास्तरांनी बसवल्यावर? नाही, म्हटलं. नाही म्हणजे नाही. कुणाला कळलंय? मला एकटीला. मग सुतक मला एकटीला. तेजू कोरी, आबा कोरे, सगळी भावकी कोरी. देवीला काय करायचं ते माझं करू दे.

इथपर्यंत मी कुणापुढेही मान खाली घालणार नाही. पालखी लपवाछपवीने नाचली असेल, तर नाचली. देवी कोपली नाही. भात नेहमीसारखाच आला, म्हशी व्यायल्या, वाडीत कुणाला काही झालं नाही. सुतकात मी माझ्या हातांनी तिची ओटी भरली आणि तिने ती घेतली. त्याबद्दल मला विचारायला कुणी येऊ नये.

पण मी तिथेच थांबले नाही. हेच तर सांगायला बसलेय, आणि मघापासून भात आणि म्हशी काढतेय.

माझ्या डोक्यात आलं — ते लोक संध्याकाळपर्यंत थांबणार. आबा पोचले नाहीत तर पुन्हा फोन करणार. मी वर गेले, फोन लागला नाही, तर महाडच्या पाहुण्यांना मोटारसायकलवर वाडीत धाडणार. ती वाट बंद करायला हवी होती. म्हणून मी जीपमध्ये बसायच्या आधी प्रकाशभाऊजींना परत फोन लावला. म्हटलं, आबांना निरोप दिला. त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. तुम्ही थांबू नका, उरकून घ्या.

मग त्याने विचारलं, "आबा सोता बोलले असं?"

"हो," मी म्हटलं. "तेच बोलले."

झालं. हे ते. जिवंत माणसाच्या तोंडात मी शब्द घातले, आणि तेही कसले — सख्ख्या भावाचं तोंड बघायला येत नाही म्हणून. पोरीच्या ढोलासाठी गप्प बसणं वेगळं. हे वेगळं होतं, आणि बोलतानाही मला ते कळत होतं. भान हरपलं, गोंधळले, असलं काही नव्हतं. चांगली शुद्धीवर होते मी.

त्या दिवशी तेजू काय वाजवत होती म्हणता! पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा नाचवणारे दमून घामाघूम झाले, तरी खांदा बदलायला तयार नाहीत. बैठकीत सगळ्यात जास्त ओरडलेला माणूस तोंडात शिट्टी घालून उभा. आणि आबा — धोतर खोचून म्हातारा पालखीपुढे नाचला. तेव्हा भांडुपला त्यांच्या भावाला बाहेर काढत असतील. मी दारात आरती घेऊन उभी होते आणि मला ते माहीत होतं. तरी मी हसत होते. खोटं हसू नव्हतं ते, खरंच आनंद झाला होता. हे सगळ्यात वाईट आहे का? असेल.

पालखी देवळात परत गेली, मग मी खाली गेले आणि बातमी घेऊन आले. म्हटलं, फोन लागत नव्हता म्हणे त्यांना. आबा ओटीवर बसून राहिले. मग विचारलं, प्रकाश माझ्यासाठी थांबला नाय?

नाही थांबले, मी म्हटलं. हे मात्र खरं होतं, बघा.

तेराव्याला आबा गेले नाहीत. राख बघायला कशाला जाऊ, म्हणाले. आमचे हे गेले, तर प्रकाशभाऊजी त्यांच्याशी धड बोलला नाही, आणि हेही तोंड वळवून जेवून आले. तो समजला, मोठ्या काकाला भावाची किंमत नाही. हे समजले, चुलतभाऊ माजला. दोघांपैकी एकाने जरी विचारलं असतं, की बाबा रे, नक्की काय झालं — तर मी तिथेच उघडी पडले असते. पण पुरुषमाणसं रागावली की बोलणंच टाकतात. माझं त्यावर निभावलं. प्रकाशभाऊजी तेव्हापासून गावी आलेला नाही, शिमग्याला नाही की गणपतीला नाही. त्याचं बंद घर आमच्या शेजारीच आहे. अंगण मी झाडते.

तेजू आता महाडला कॉलेजात जाते. दुसऱ्या गावची माणसं पालखीला तिला बोलवायला येतात. वाडीतल्या आणखी पोरी तिच्याकडे शिकतात, आणि आता बैठकीत कुणी ब्र काढत नाही. हे माझ्यामुळे झालं, असं मला वाटतं. मोठ्याने बोलून दाखवता येत नाही, एवढंच.

यंदा आबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, बाहेर अंगणात तेजू पोरींना हात बसवून देत होती. आबा ऐकत पडले होते, बोटं गोधडीवर हलत होती. मधेच म्हणाले, "गो पोरी, पालखी फिरताना मी गेलो, तर कुनाला सांगू नको. पालखी देवलात जाऊ दे, मग सांग. पोरीचा ढोल थांबाया नको."

मला वाटलं, सुटले. हा माणूस आपल्या तोंडाने तेच सांगतोय. मी वाटी खाली ठेवली. सगळं सांगून टाकायचं म्हणून तोंड उघडलं — खरंच उघडलं.

तेवढ्यात ते म्हणाले, "प्रकाशला मात्र पयला फोन कर. तो येईस्तोवर मला हलवू नको. त्यानं माज्याशी केलं, तसं आपुन नाय करायचं."

मी हो म्हटलं. उरलेली पेज त्यांना भरवली.

आबा अजून आहेत. सांगायला वेळ आहे, आणि मी सांगितलेलं नाही.