शास्त्रीबुवांच्या माडीवरचा मासा

मास्तर लोक एकत्र बसले की दोनच विषय रंगतात, हेडमास्तर आणि त्या दिवशी न आलेला मास्तर. आमच्या बैठकीला तिसरा विषय होता, बापूचा मासा. काशीतल्या आमच्या शाळेत बापू सायन्स शिकवायचा, मी गणित. संध्याकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर कुणीतरी माशाचा विषय काढायचा अवकाश, की दिवेलागण होऊन गेली तरी कुणी उठायचं नाव घेत नसे.

मासा तसा बोटभर, चपटा, अंगावर तांबूस पट्टे. पण पावसाळ्यात नर तोंडानं हवेचे बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो आणि मादीची अंडी त्यात ठेवून राखण करतो. अंड्यातून पिलं निघताना एकदा तरी मुलांना दाखवायची, एवढंच बापूचं स्वप्न. हेडमास्तर साहेबांनी शाळेत मासे ठेवायला साफ नकार दिला. म्हणून नर-मादीच्या जोडीसह काचेची पेटी बापूच्या घरी आली. मंगलागौरीच्या देवळाजवळ, थेट वडिलांच्या माडीवर!

•

वडील म्हणजे शास्त्रीबुवा, घनपाठी वैदिक. ज्या घरात कांदा येत नव्हता तिथे मासा आला म्हटल्यावर त्यांनी पेटी गंगेत रिकामी करायला सांगितली. बापू नम्रपणे म्हणाला, "बाबा, मनूनंही मासा भांड्यातच पाळला होता."

शास्त्रीबुवा विचारात पडले. म्हणाले, "मनूचा मासा वाढत गेला. तुझा वाढला, तर त्याच दिवशी गंगेत."

झालं! दर एकादशीला संध्या आटोपली की बुवा माडीवर जाऊन काचेला बोट लावून मासा मोजायचे. मासा तेवढ्याचा तेवढा. चार-पाच एकादश्या गेल्या आणि एक दिवस बुवाच बापूवर उखडले, "अरे, याला पोटभर घालतोस की नाही?"

•

आता पोटभर घालायचं म्हणजे डासांच्या अळ्या. त्यासाठी बापूनं अंगणात फुटकी मडकी पाण्यानं भरून ठेवली होती. एके दिवशी म्युनिसिपालटीचा माणूस डास मारायला तेलाचा डबा घेऊन हजर. बापू धावत जाऊन मडक्यांपुढे उभा राहिला.

"भैया, इसमें मत डालिए. इसमें हमारे बच्चों का खाना है।"

त्या माणसानं मडक्यात वाकून पाहिलं, बापूकडे पाहिलं आणि डबा घेऊन निघून गेला. मग शेजारच्या घरी त्यानं हळूच चौकशी केली, "मास्टर साहब की तनख्वाह बंद है क्या?"

•

या माशाचा एक स्वभाव वाईट. अंडी घातली गेली की नर मादीला हुसकून लावतो. नदीत ती पळून जाईल, पेटीत जाणार कुठे? पहिली अंडी आली त्या दिवशी बापू शाळेत होता. त्याची आई, आम्हा सगळ्यांच्या काकू, माडीवर धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी पाहिलं, की नर त्या बिचारीच्या अंगावर सारखा धावतोय. काकूंनी सोवळं-ओवळं बाजूला ठेवलं आणि मादीला वाटीनं उचलून पितळी गडव्यात सोडलं.

बापू घरी आल्यावर म्हणाल्या, "तिला माहेरी आणलीय. त्याचं डोकं ठंडं झालं की मग बघू."

ते घरटं मात्र टिकलं नाही. श्रावण होता. काकूंच्या आग्रहानं गल्लीतल्या मंगळागौरी त्यांच्याच माडीवर व्हायच्या, तेवढी ऐसपैस जागा दुसरीकडे नव्हती. रात्रभर फुगड्या झाल्या, माडी हादरली आणि सकाळी फेस फुटून अंडी तळाला गेलेली. बापू जेवायला उठला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि काकूंना तर माझ्याहून जास्त.

•

पुढच्या श्रावणात पुन्हा घरटं बांधलं, पुन्हा अंडी आली. पेटी हलवली तर फेस मोडणार, म्हणून बापू जिन्यावरही चवड्यांवर चालायचा. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या सरूबाई नव्या सुनेची मंगळागौर ठरवायला आल्या. त्यांना माडी हवी होती.

काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "यंदा जमायचं नाही हो. घरात सोयर आहे."

सोयर, म्हणजे घरात मूल जन्मलं की दहा दिवसांची अडचण. सरूबाई बघतच राहिल्या. बापूचं लग्न झालेलं नाही, घरात दुसरी सून नाही, काकूंचे केस पिकलेले! त्या तडक ओसरीवर शास्त्रीबुवांकडे गेल्या. बुवा जीव गेला तरी खोटं बोलणार नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बापू आणि मी जिन्यात उभे राहून ऐकत होतो. बुवांनी तोंड उघडलं की संपलं, अशी आमची खात्री.

"शास्त्रीबुवा, खरंच तुमच्याकडे सोयर आहे?"

बुवांनी पोथी मिटली, चष्मा काढला आणि माडीकडे पाहिलं.

"माशाचं सोयर घराला लागतं की नाही, हे मला एकदम सांगता येणार नाही. ग्रंथ पाहावे लागतील."

"मग कळेल कधी?"

"दहा दिवस लागतील. तोवर माडीवर कुणी पाय आपटू नका."