पाळकीणबाईंची उपकारस्तुती

पाळकीणबाई देवाकडे सहसा काही मागायच्या नाहीत. मागायचं झालंच तर अगदी शेवटी, निघता निघता आठवल्यासारखं. त्यांची सगळी प्रार्थना इतर माणसांच्या आभारांची असे, आणि तीही नावानिशी. "प्रभू, तू पाहिलं असशीलच, तरी सांगते," अशी सुरुवात करून त्या देवाला गावातली खबर द्यावी तसं सांगत. पोस्टातल्या माणसाने उन्हात उभं न ठेवता आत बसवलं. चर्चमधल्या सॅमसनने पावसाआधी कौलं शाकारून दिली. रिक्षावाल्याने पायरीपर्यंत हात धरून आणलं.

त्यांचे यजमान रत्नागिरीतल्या आमच्या चर्चचे पाळक होते. ते गेले, नवे पाळक आले, नवी पाळकीणही आली, तरी नाव यांनाच चिकटून राहिलं. दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे घरसभा भरे. नियम त्यांचाच: प्रत्येकाने एका माणसाबद्दल देवाचे आभार मानायचे. माणूस नात्यातला नको, आणि गोष्ट स्वतः पाहिलेली हवी. "मागता सगळ्यांना येतं," त्या म्हणत. "आभार मानायचे तर माणसांकडे बघावं लागतं."

कॉलेजात असताना मी आईबरोबर तिथे पहिल्यांदा गेले. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. असेंब्लीत मी स्तोत्रं घडाघडा म्हणायचे, पण ती पाठ केलेली. चार माणसांसमोर, मराठीत, मनातलं बोलायची वेळ कधी आली नव्हती आणि येऊ नये अशीच माझी इच्छा होती. माझी पाळी आली. एकच शब्द बाहेर पडला, "आमेन."

सॅमसनदादाला हसू आवरेना. "काय गो, कॉन्व्हेंटमध्ये शॉर्टकट शिकवतात वाटतं?"

"हसू नको रे," पाळकीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तिने शेवट आधी सांगितला, इतकंच. मधलं राहिलंय. देव थांबेल."

पुढच्या बुधवारी दाराजवळची वेताची खुर्ची रिकामी होती. तिथे बसलं की पाय उंबऱ्याशी. मी तीच धरली. नंतरही ती रिकामीच मिळे. कोणी बसायला गेलंच तर पाळकीणबाई म्हणायच्या, "तिथे नको, वारा लागतो." मला मात्र वाऱ्याची भीती त्यांनी कधी घातली नाही. माझी पाळी आली की त्या क्षणभर थांबत आणि पुढच्या माणसाला बोलू देत.

मग काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "तू बोलत नाहीस, पण बघतेस. आता माझ्यासाठी बघत जा. नाहीतर मी कोणाचे आभार मानू?"

तेव्हापासून मी त्यांना मासळीबाजारात नेऊ लागले. तिथे मासळी विकणारी हमीदाबी बाईंसाठी सुरमईचे तुकडे करून झाल्यावर प्रत्येकातला मोठा काटा काढायची. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तिने तसं केलेलं मी पाहिलं नाही. ते मी बाईंना सांगितलं आणि बुधवारी त्यांनी देवाला. पुढच्या खेपेला हमीदाबीलाही कळवलं.

"माझं नाव? तुमच्या प्रार्थनेत?" हमीदाबीचा कोयता थांबला.

"मग कोणाचं घेऊ? काटे तू काढतेस."

"मग सांग गो त्याला, जाळ्यात मासळीही जरा लागू दे."

"मागणं शेवटी!" बाई म्हणाल्या आणि दोघी हसत सुटल्या.

सगळ्यांचे आभार असे सहज सुचत, असंही नव्हतं. एकदा दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर आलेल्या फणसावरून शेजारच्या वहिनींशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. त्या बुधवारी बाईंनी नेमकं वहिनींचंच नाव घेतलं आणि अडल्या. "थांब प्रभू, शोधते आहे." बराच वेळ फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. "हां. आवाज खणखणीत आहे तिचा. मला दिसत नाही, पण कोण भांडतंय ते लगेच कळलं." दुसऱ्या सकाळी गडग्यावरून वाटीभर फणसाची भाजी आली. वहिनींनी ऐकलं असणार.

गेल्या वर्षी मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. बाईंनी निमूटपणे सामान बांधायला घेतलं. मला त्यांच्या जाण्याइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती वाटत होती. त्या जातील आणि माझं मधलं तसंच राहील. ते दुसरं कोणी ऐकून घेईल असं मला वाटत नव्हतं.

शेवटच्या बुधवारी एकेकजण बोलला. सॅमसनदादाला रडू आलं. माझी पाळी आली. बाई नेहमीसारख्या क्षणभर थांबल्या. पुढचा माणूस खाकरला, तशी मी बोलले.

"प्रभू, तू पाहिलं असशीलच, तरी सांगते. पाळकीणबाईंबद्दल तुझे आभार. त्यांनी दाराजवळची खुर्ची माझ्यासाठी राखली. मला वाटलं तर पळून जाता यावं म्हणून. दार समोर उघडं होतं, म्हणूनच मी कधी पळाले नाही."

खोलीत सगळे वाट पाहत होते. शेवट करावा म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंचा हात चाचपडत माझ्या गुडघ्यावर आला.

"असू दे गो," त्या म्हणाल्या. "आमेन तू मागेच म्हटलंयस."