घरी विचारून ये म्हणणाऱ्या मॅडम

"आधी घरी विचारून ये. आईला विचार." जर्मन घ्यायला आलेल्या प्रत्येक पोराला आमच्या मॅडम हेच सांगायच्या आणि त्याला परत पाठवायच्या.

दिग्रसच्या आमच्या कॉलेजात अकरावीचे प्रवेश सुरू झाले की भाषेचे मास्तर व्हरांड्यात टेबलं टाकून बसतात. तुम्ही भाजीबाजार पाहिला असेल, तर वेगळं सांगायला नको. मी हिंदीवाला. "इकडे या रे, मार्क चांगले पडतात," असं ओरडून पोरं ओढायचो. शेजारी मॅडम आलेलं गिऱ्हाईक घालवायच्या. तासिकेवरची नोकरी, पोरं कमी पडली तर वर्ग बंद, तरी हे असं.

"मॅडम, स्वतःचा धंदा स्वतःच बसवता तुम्ही."

"बसू द्या, सर."

आम्ही दोघेही यवतमाळहून येऊन-जाऊन करणारे, त्यामुळे एसटीत कधीतरी कारण कळलं. वाटेवरच्या बोरी अरबचा एक हुशार पोरगा मॅडमच्या आग्रहाने जर्मन शिकला, तिकडे दवाखान्यात नोकरीला लागला, तिथलीच बायको केली. इथे आई एकटी. तो निघाला तेव्हा आई कॉलेजात येऊन मॅडमच्या पाया पडली होती. "बाई, तुमच्यानंच झालं सारं," म्हणाली. बिचारी कौतुकानेच म्हणाली, पण मॅडमना ते कायमचं टोचलं.

"मी त्या बाईचं पोरगं नेलं हो," त्या म्हणायच्या. पोराचं भलंच झालं ना, असं मी म्हटलं की "त्याचं झालं," एवढंच बोलून खिडकीबाहेर बघायच्या.

शेवटी वर्ग बंद पडला. त्यातली पोरं माझ्याच हिंदीत आली, म्हणून मला मॅडमसमोर उभं राहायची लाज वाटायची. पण पुढे दर मंगळवारी बोरी अरबच्या स्टँडवर मॅडम माझ्या एसटीत चढू लागल्या. त्या पोराच्या तिकडच्या मुलीला फक्त जर्मन येतं आणि इथल्या आजीला फक्त आपली वऱ्हाडी, म्हणून मॅडम आजीला जर्मन शिकवत होत्या. "फार मन लावून शिकतात हो," म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

परवा मॅडम झोपेतच गेल्या. त्या आईला कोण कळवणार, म्हणून काल मी बोरी अरबला उतरलो. तिने खुर्ची दिली, चहा टाकला. तेवढ्यात मोबाइलवर नात दिसली आणि आजी तिच्याशी बोलू लागली. मला ओ की ठो कळलं नाही. नात खळखळून हसली, मग बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. आजी मान हलवत ऐकत होती.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "अर्धंच समजलं, सर. उद्या बाई येतीन, तवा इचारतो."

मी कप खाली ठेवला. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि "चहा छान झाला," एवढंच म्हणून निघालो.

आज मंगळवार आहे.